डाव्या हाताचा मार

अहो, आज तुमची शोकसभा झाली.

सकाळी घरी जलदान विधी आटोपला, पाहुण्यांची जेवणं झाली आणि मग वडूजच्या शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले. हॉल भरला, माणसं व्हरांड्यात उभी राहिली. तुम्ही असता तर मागच्या दारानं सटकला असता. टाळ्या तुम्हाला आवडायच्या, भाषणं नाही.

टेबलावर ठेवायला मी तुमचा सुभेदाराच्या गणवेशातला फोटो पुसून काढला होता. मंडळींना तो नको होता. त्यांना हवा होता राष्ट्रीय विजेतेपदाच्या वेळचा. अंगात लाल बनियन, हातात ग्लोव्हज, डावी मूठ वर, भुवईवर चिकटपट्टी. त्या फोटोतल्या माणसाशी माझी फारशी ओळख नाही. माझी ओळख त्याच्यानंतर सुट्टीवर घरी येणाऱ्या माणसाशी. जबडा उघडत नाही म्हणून दुधात भाकरी कुस्करून खाणाऱ्या.

जो उठला तो तुमच्या ठोशावर बोलला. वेल्टरवेट वजनगटात असा डावा हात पुन्हा होणार नाही, म्हणाले. तुमच्या वडिलांनी म्हसवडकडच्या खाणीत जन्मभर घण मारला, तोच तुमच्या मुठीत उतरला, असंही एकजण म्हणाला. लोकांना ते आवडलं. मग उंब्रजचे शंकरराव उठले. तुमच्याच पलटणीतले, वर्षानुवर्षं सरावाला तुमच्यासमोर उभे राहिलेले. माईक हातात घेऊन म्हणाले, "लय जणांनी अशोकचा ठोसा बघितला असंल. पर खाल्लेला माणूस या हॉलात मी एकटाच हाय. मी पडलो कवा, ते मला दुसऱ्यांनी सांगितलं." लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. मी पहिल्या रांगेत बसून फरशीकडे बघत होते.

टाळ्या थांबल्यावर शंकरराव पुढं बोलायला लागले. "आमचा हा गडी... आमचा हा..." आणि थांबले. तुमच्या फोटोकडे बघत राहिले. पुन्हा म्हणाले, "आमचा हा..." कुणीतरी पाण्याचा ग्लास नेऊन दिला. दुःखानं गळा दाटला असं सगळ्यांना वाटलं, बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. पण त्यांची बायको माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला. अहो, त्यांना तुमचं नाव आठवत नव्हतं. तुमचंही असंच सुरू झालं होतं.

शेवटी जाहीर झालं की तुम्ही पोरांना बॉक्सिंग शिकवायचात त्या पत्र्याच्या शेडच्या जागी पक्की इमारत बांधायची, तिला तुमचं नाव द्यायचं, दारात मुठीचा पुतळा बसवायचा. "आणि सुभेदारांचा वारसा त्यांची लेक सायली चालवणार!" पुन्हा टाळ्या. सायली माझ्या पलीकडे बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मग मला म्हणाले, वहिनी, दोन शब्द बोला. मी उभी राहिले. मला खूप बोलायचं होतं. पण तोंडून एकच वाक्य आलं. "यांनी घरात कधी कुणावर हात उचलला नाही." एवढं बोलून बसले. लोकांना ते फार भावलं.

मी खोटं बोलले का हो? खरंच सांगा.

तुम्ही मला बघायला सांगलीला आला होतात तेव्हाही तुमच्या भुवईवर टाके होते. माझ्या आईनं आत येऊन मला हळूच सांगितलं, "मारामाऱ्या करणारा दिसतोय गं." बाबा मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमध्ये आयुष्य काढलेले. त्यांना बॉक्सिंग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय लागलं?" तुम्ही म्हणालात, "खेळताना लागलं." पोहे तुम्ही एकाच बाजूनं सावकाश चावत होतात. आपल्याला दोघांना बोलायला बसवलं तेव्हा मला दुसरं काही सुचेना. मी विचारलं, "दुखतं का?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही तुम्हाला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. म्हणालात, "तवा न्हाई दुखत. मागनं दुखतंय."

मी तुमची एकच लढत पाहिली, पुण्याची. तीसुद्धा अर्धी. समोरचा पोरगा तुमच्यापेक्षा उंच, सारखा नाचत होता. तुम्ही शांत उभे. मग काय झालं ते मला दिसलंच नाही, तो खाली होता. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पंच तुमचा हात वर करत होते आणि तुम्ही हात सोडवून घेऊन त्या पोराकडे निघाला होतात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. "तो उठला का? बोलतोय का?" एवढंच सारखं विचारत राहिलात. मी म्हटलं, एवढी काळजी आहे तर मारता कशाला इतक्या जोरानं? तुम्ही हात पुढं करून दाखवलात. "जोर लावला की मूठ बसत न्हाई. आणि नीट बसली की हाताला कळत बी न्हाई. कापसावर हात टेकल्यागत वाटतंय." हे तुम्ही इतक्या साधेपणानं सांगितलंत की मला भीती वाटली.

घरात मात्र त्या हातानं तुम्ही काय काय केलंत! सायलीच्या वेण्या तुम्ही घालायचात, आणि माझ्यापेक्षा सरळ. आत्याबाईंच्या पायाला लेक असून सुनेसारखं तेल चोळायचात. वडूजच्या एसटी स्टँडवर एकदा एका दारुड्यानं तुमची गचांडी धरून थोबाडीत मारली, आठवतं? तुम्ही दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिलात. घरी आल्यावर मी चिडले होते. "एक तरी द्यायची होती त्याला." तुम्ही म्हणालात, "एक दिली असती, तर त्याच्या बायकूला जाऊन मी काय सांगितलं असतं?"

अशा माणसाला लोक दारुडा म्हणायला लागले. तुमची जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला, आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली की सुभेदार घ्यायला लागले. तुम्ही कधी थेंबालाही शिवला नाहीत. बाजारातून घरी येताना रस्ता चुकलात, आणि तुमच्याच हाताखालचं पोरगं तुम्हाला मोटारसायकलवर घालून घेऊन आलं. दारात उतरून तुम्ही त्याला विचारलंत, "हे कुणाचं घर रं?" त्याला वाटलं सर थट्टा करतायत.

मिरजेच्या डॉक्टरांनी तुमच्या डोक्याचे फोटो उजेडावर धरून दाखवले. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेले मार, म्हणाले. मी म्हटलं, "पण हे तर जिंकायचे, साहेब." ते म्हणाले, "बाई, जिंकणाऱ्यालाही लागतंच. सरावातही लागतं." परत येताना एसटीत तुम्ही खिडकीपाशी बसला होतात. विटं गेलं, मायणी गेली. वडूज जवळ आल्यावर म्हणालात, "सायलीला सांगू नको."

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही गेलात तरी ते मिटलेलं नाही.

मी म्हणत होते, सायलीचं बॉक्सिंग बंद करा. राज्याच्या संघात तिची निवड होण्यासारखी होती, सगळ्या तालुक्याचं तिच्याकडे लक्ष होतं, आणि मी म्हणत होते बंद करा. तुम्ही म्हणायचात, "आता नियम बदललेत. पोरींना डोक्याला हेल्मेट असतंय. पोरींच्या हातात एवढा जोर बी नसतोय." आणि दुसऱ्याच दिवशी शेडवरून येऊन म्हणायचात, "आगं, काय डावा हात हाय पोरीचा! माझ्यापरीस जोर हाय!" मी म्हणायचे, "काल जोर नसतो म्हणालात, आज जोर आहे म्हणता. एक काहीतरी ठरवा." तुम्ही हसायचात. मग मी रडायला लागायचे आणि तुम्ही गप्प व्हायचात.

एकदा मात्र तुम्ही गप्प बसला नाहीत. म्हणालात, "मला ह्या खेळानं माणूस केलं. न्हाईतर मी कुठं असतो? बापासारखा खाणीत खडी फोडत. पलटण दिली, पगार दिला, घर दिलं, तू मिळालीस. आणि आता म्हणतीस, समदं वंगाळ व्हतं?" मी म्हटलं, "आणि आता तुमचं डोकं परत घेतोय, त्याचं काय?" तुम्ही लहान मुलासारखे माझ्याकडे बघत राहिलात. "मग मी कोण हाय? ते बी सांग."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. तुमच्या हाताखालची पोरं सैन्यात लागली, त्यांच्या घरांवरचा पत्रा गेला, स्लॅब आला. पहाटे पोरी एकट्यानं रस्त्यावरून पळताना दिसतात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही, तेही तुमचंच. आणि शंकरराव माईकसमोर तुमचं नाव शोधत उभे राहिले, तेही त्याच खेळाचं. या दोन गोष्टी मी एकमेकींपासून वेगळ्या कशा करू? सभेतल्या माणसांना ते जमलं. त्यांनी एक उचलली, दुसरी घरी आमच्याकडे ठेवली.

आता ते सांगते, जे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

संध्याकाळची वेळ होती. मी तुमच्या सदऱ्याची बटणं लावत होते, कारण तुमच्या बोटांना ती सापडत नव्हती. तुम्ही माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठंतरी बघत होतात. तुमचे खांदे थोडे वाकले, हनुवटी छातीशी आली. मला वाटलं, वाकून बटण बघताय. पुढचं मला आठवत नाही. मी कपाटाशी खाली पडले होते, तोंडात रक्ताची चव होती आणि सायली तुम्हाला पाठीमागून मिठी मारून ओरडत होती, "आप्पा! आप्पा, आई हाय ती!" तुम्ही लगेच शांत झालात. पलंगावर बसलात आणि म्हणालात, "चहा करा की गं कुणीतरी."

खरं सांगू का? शंकरराव म्हणाले तसंच झालं. मी पडले कधी, ते मलाही दुसऱ्यांनीच सांगितलं.

सकाळी माझा उजवा गाल काळानिळा झाला होता, डोळा मिटला होता. मी पदर ओढून तुमच्यासमोर चहा ठेवला. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलंत. तुमचं बोट इतकं हलकं होतं. तुम्ही विचारलंत, "कुणी मारलं तुला?"

"न्हाणीत पाय घसरला."

"खोटं बोलू नको. पडल्याचं असं नसतंय. ही मूठ हाय. उजव्या गालावर हाय म्हंजी डाव्या हाताचा मार. आणि मारणारा शिकलेला हाय." तुम्ही माझी हनुवटी सोडून उठलात. "नाव सांग."

मी काय नाव सांगणार होते?

तुम्ही चपला घालायला लागलात. आत्याबाई मध्ये आल्या, "बाबा, बस रं, कुठं निघालास," तर त्यांना बाजूला करून म्हणालात, "माझ्या घरात शिरून माझ्या बायकूवर कुणी हात टाकलाय, आये. त्याला मी सोडत न्हाई." मी दाराला कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिले. तुम्ही रडलात. मग खुर्ची ओढून दारातच बसलात. दिवसभर बसलात. दूधवाला आला, त्याचे हात निरखून बघितलेत. शेजारचे गुरुजी आले, त्यांना आत येऊ दिलं नाहीत. जेवणसुद्धा तिथंच खुर्चीवर. मधूनमधून वळून मला म्हणत होतात, "भिऊ नको. मी हाय हितं."

अहो, लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्यावर तुम्ही केलेलं सगळ्यात मोठं प्रेम ते होतं. कुणापासून राखत होतात ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तरी हलला नाहीत. मी आत स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून बसले होते. दुखत होतं खूप. पण रडत होते ते दुखण्यानं नाही.

म्हणून आज म्हटलं, यांनी घरात कधी हात उचलला नाही. तो हात तुमचा होता, पण तुम्ही नव्हतात. तुम्ही तर दुसऱ्या दिवशी दारात बसला होतात.

पुढचे महिने मी मोजले नाहीत. तुम्हाला गिळता येईना, मग बोलता येईना, मग छातीत कफ साठला आणि संपलं. आत्याबाई तुमच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होत्या, "माझ्या लेकराच्या डोस्क्याला कुणी कुणी मारलं गं?" मारणारेही त्यांच्याच लेकरासारखे गरिबाघरचे, पोटासाठी खेळणारे होते.

मला वाटलं होतं, हे एवढंच आहे माझ्यापाशी, तुमच्यापासून लपवलेलं. पण लपवणारी मी एकटी नव्हते.

आज दुपारी सभेहून आलो. पाहुणे पांगले. मी आणि सायली अंगणातली सतरंजी झटकत होतो. ती एकदम म्हणाली, "आई, त्या लोकांना सांग, माझं नाव घेऊ नका म्हणून. मी सोडलंय."

"काय सोडलंस?"

"खेळणं. संक्रांतीच्या आधीच."

मला समजेना. "मग रोज सकाळी कुठं जातेस?"

"नुसती पळते."

तिनं सतरंजीची घडी घातली, त्या घडीवरच बसली आणि मला सगळं सांगितलं. त्या प्रकारानंतर काही दिवसांनी तुम्ही शुद्धीत होतात. मी दुकानात गेले होते. तुम्ही तिला जवळ बोलावून विचारलंत, "आईच्या गालावर ते... ते मीच व्हतो न्हवं?" पोरीला खोटं बोलता आलं नाही. तिनं मान हलवली. तुम्ही बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत बसलात. मग म्हणालात, "मला कळलंय, हे आईला कळू देऊ नको. तिनं लय जीव लावून लपवलंय."

म्हणून तुम्ही पलंग बाहेरच्या खोलीत न्यायला लावलात होय? आत उकडतंय म्हणालात. थंडीचे दिवस होते. मी रोज रात्री समजत राहिले की तुम्ही मला ओळखत नाही, परक्या बाईजवळ झोपायचा तुम्हाला संकोच वाटतो. मी बटणं लावायला आले की तुम्ही दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचात. हातांना थंडी वाजतेय म्हणून मी त्यावर शाल टाकायचे. अहो, एका घरात राहून आपण दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून राखत होतो. एकदा तरी बोलायचं होतं. मी म्हटलं असतं, काही नाही हो, बरा झाला गाल. तुम्ही म्हणाला असतात, दुखतं का? तेवढ्यानंही भागलं असतं.

"आणि मग म्हणाले," सायली सांगत होती, "तू सोड आता हे. आई म्हणतीया ते खरं हाय. पर तिला मी असं म्हणालो ते सांगू नको." सांगताना तिला हसूही येत होतं आणि रडूही. "म्हणाले, न्हाईतर ती म्हणंल, बघा, मी सांगत व्हते."

मी खाली मातीतच बसले. इतके दिवस ज्यासाठी मी तुमच्याशी भांडले, रडले, अबोला धरला, ते तुम्ही मला केव्हाच देऊन टाकलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. ती म्हणाली, "मला खेळायचं होतं गं, आई." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली, लहानपणी सुट्टी संपवून तुम्ही निघालात की रडायची तशी.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते डोकं मला वाचवायचं होतं, आणि ते माझ्या हाताखाली हुंदक्यांनी हलत होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगं, आता नियम बदललेत. पोरींना हेल्मेट असतं..."

तिनं डोकं उचललं. "आई, हे तर आप्पांचं बोलणं झालं."

हो, तुमचंच. तुमच्या बाजूनं बोलायला आता दुसरं कोण आहे? पण मला पुढचं वाक्य येईना. तुमचं ते 'काय डावा हात हाय पोरीचा!' मला म्हणता येईना, आणि माझं नेहमीचं 'बंद करा' म्हणायची गरजच उरली नव्हती. सायली उठून तोंड धुवायला गेली. मी तिथंच बसले.

मला हे भांडण जिंकायचं होतं, अहो. पण तुम्ही समोर असताना.